रानपिंगळ्याची नावनिशी

पिंगळा हा पक्षी भोर-वेल्ह्याच्या माणसाला बोट दाखवून ओळखवून द्यावा लागत नाही. वडाच्या ढोलीत, आंब्याच्या खोडात, पडक्या वाड्याच्या भिंतीत तो जोडीने राहतो. दिवेलागणीला तारेवर येऊन बसतो आणि घरपट्टी आपणच थकविली आहे अशा नजरेने आपल्याकडे पाहतो. पहाटे कंदील घेऊन दारी येणाऱ्या जोश्याला ह्याच पाखराची भाषा कळते असा लोकांचा समज होता, म्हणून त्यालाही पिंगळाच म्हणू लागले. पुणे-सातारा रस्ता रुंद करताना दुतर्फाचे जुने वड पडले. त्यांच्याबरोबर किकवीच्या बाजूच्या कितीतरी ढोल्या गेल्या. पण पिंगळा गेला नाही. माणसाच्या आसऱ्याने जगण्याची विद्या त्याला साधली आहे.

आज मला बोलावयाचे आहे ते मात्र ह्या पिंगळ्याविषयी नव्हे, तर त्याच्या एका भाऊबंदाविषयी. त्याला आता मराठीत रानपिंगळा म्हणतात. हा पक्षी महाराष्ट्राच्या सातपुड्यात राहतो. शास्त्राच्या पुस्तकात त्याची नोंद १८७३ साली झाली, १८८४ नंतर तो कोणा जाणत्याला दिसला नाही, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ एका उघड्या झाडावर भरदिवसा बसलेला सापडला. मधली ११३ वर्षे तो कोठे होता? तो होता तेथेच होता. हरवला होता तो त्याचा कागद.

कामगार चळवळीतल्या माणसाने बोनस-भत्त्याचे सोडून घुबडावर का बोलावे, असे काही मित्रांना वाटले आहे. एकाने तर तसे मला स्पष्ट विचारलेही. त्यांना माझे उत्तर एवढेच की, ही हकीकत पाखराची असली तरी तिच्यातला तंटा नोंदीचा आहे. खरी नोंद कोणती, खोटी कोणती, आणि खोटी असेल तर ती पकडावयाची कशी, ह्या प्रश्नांत माझी तीस वर्षे गेली आहेत. शाळेने मला फार लवकर सोडले. जे थोडे वाचले ते युनियनच्या कचेरीत, संध्याकाळी सभासदांची वाट पाहताना वाचले. पक्षिशास्त्राचा अधिकार मी सांगत नाही. हजेरीपट वाचण्याचा मात्र सांगतो.

आधी हे समजून घेतले पाहिजे की, एखाद्या पक्ष्याला शास्त्रीय नाव मिळते म्हणजे नेमके काय होते. आज छायाचित्रे आहेत, आवाज टिपणारी यंत्रे आहेत. एकोणिसाव्या शतकात बंदूक होती. पक्षी मारावयाचा, त्याचे कातडे पिसांसकट अलगद सोलावयाचे, आतल्या बाजूने सोमलाचा लेप द्यावयाचा, कापूस भरून टाके घालावयाचे, आणि पायाला एक चिठ्ठी बांधावयाची. चिठ्ठीवर गाव, तारीख, नर की मादी, आणि मिळविणाराचे नाव. ह्या चिठ्ठीवर सारा डोलारा उभा असतो. चिठ्ठी नसलेले कातडे म्हणजे नुसती पिसे. ज्या नमुन्यावरून नवी जात ठरते त्याला आद्य नमुना म्हणतात. पुढे शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर त्याने तो नमुना पेटीतून काढून पाहावा, असा संकेत आहे. आपल्याकडे जमिनीचा वाद आला की जुना फेरफार काढतात, त्यातलाच हा प्रकार.

रानपिंगळ्याचा आद्य नमुना मिळाला १८७२ साली, आजच्या छत्तीसगडातील बसना-फुलझर भागात. मिळविणारा ब्लेविट नावाचा इंग्रज अंमलदार होता. त्याने तो पाठविला ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमकडे. ह्यूमचे नाव आपण शाळेत ऐकलेले असते, पण वेगळ्या कारणाने. राष्ट्रीय सभेची मुहूर्तमेढ रोवणाऱ्यांत तो होता. ती पहिली बैठक खरे म्हणजे पुण्यास भरावयाची, पण पटकीची साथ आली आणि १८८५ च्या डिसेंबरात ती मुंबईस गोकुळदास तेजपाल पाठशाळेत भरली. हाच ह्यूम हिंदुस्थानातील पक्ष्यांचा त्या काळचा सर्वांत मोठा संग्राहक होता. ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे पक्षिविषयक नियतकालिक तो स्वतः चालवी. त्याच्या संग्रहात ८०,००० च्या आसपास नमुने होते आणि ते पुढे त्याने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिले. देण्यामागचे एक कारण वाईट होते. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिण्यासाठी केलेली वर्षानुवर्षांची टिपणे सिमल्याच्या घरातून एका नोकराने रद्दी म्हणून बाजारात विकली. त्या नोकराला सगळे नावे ठेवतात. मला आपले वाटते की, इतक्या मोलाच्या कागदांना मालकाने कुलूप का लावू नये?

असो. ब्लेविटने धाडलेले ते वीतभर घुबड ह्यूमने साध्या पिंगळ्याशेजारी ठेवून पाहिले असले पाहिजे. आकाराने दोघे जवळपास सारखे. रानपिंगळा किंचित थोराड, २३ सेंटिमीटरांचा. पण पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट विखुरलेले असतात, ज्वारी सांडल्यासारखे. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे असते. ठिपके असलेच तर इतके फिकट की, हातभरावरून दिसू नयेत. पाठही तशीच. उलट पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे ठसठशीत उठलेले. छाती गडद तपकिरी आणि तिच्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, रेघ नाही की डाग नाही. चोच मोठी, नख्या दणकट, पाय आखूड आणि बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी भरलेले. अंगापिंडाच्या मानाने हातपाय पैलवानाचे.

ह्यूमने ठरविले की, हा केवळ निराळा पिंगळा नव्हे, ह्याचे घराणेच निराळे. शास्त्रात नाव जोडनाव असते. पहिले वंशाचे, दुसरे जातीचे. आपल्याकडे आडनाव मागून येते, तिकडे पुढे येते एवढाच फरक. ह्यूमने ह्या पक्ष्यासाठी नवा वंशच काढला आणि ‘हेटेरोग्लॉक्स’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘वेगळे घुबड’. जातीचे नाव ठेवले ‘ब्लेविटी’, मिळविणाराच्या मानासाठी. नंतरच्या पंडितांना एवढा वेगळेपणा मान्य झाला नाही. त्यांनी ह्यूमचा वंश मोडीत काढला आणि रानपिंगळ्याला साध्या पिंगळ्याच्याच ‘अथेनी’ ह्या वंशात नेऊन बसविले. अथेनी हे नाव ग्रीकांच्या विद्यादेवीवरून आले. घुबड हे तिचे पाखरू. आपल्याकडे बंगालात ते लक्ष्मीचे वाहन आहे. महाराष्ट्रात मात्र त्याच्या वाट्याला शिव्याच जास्त आल्या. हा वंशाचा वाद पुढे शंभर वर्षांहून अधिक चालला; त्याकडे शेवटी येतो.

ब्लेविटनंतर काही वर्षांनी व्हॅलेंटाइन बॉल ह्या भूगर्भशास्त्रज्ञाला ओरिसाच्या बाजूला, खरियारच्या मुलुखात आणखी एक नमुना मिळाला. आणि मग पाळी आली आपल्या खानदेशाची. जेम्स डेव्हिडसन हा मुंबई इलाख्यातील सनदी नोकर तेव्हा खानदेशात होता. फिरतीवर असताना तो पक्षी जमवी. पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी त्याने ह्यूमच्याच नियतकालिकात छापली. १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत शहादे-तळोद्याच्या रानात त्याने ह्या घुबडाची अनेक कातडी मिळविली. १८८४ नंतर सारे थंड झाले. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून ह्या पक्ष्याची सातच कातडी शिल्लक होती.

शहाद्याचे नाव निघाले म्हणजे आमच्या पिढीतल्या कार्यकर्त्याला दुसरेच काही आठवते. पाटीलवाडीचा १९७१ सालचा गोळीबार, अंबरसिंग महाराज, १९७२ ची भूमुक्तीची परिषद आणि त्याच वर्षी उभी राहिलेली श्रमिक संघटना. भिल्ल शेतमजुरांनी सालदारकीविरुद्ध आणि गेलेल्या जमिनींसाठी दिलेला तो लढा. मी पुण्याच्या बाजूचा, वयाने लहान; पण आम्हाला संघटना म्हणजे काय हे शिकविताना जुने लोक शहाद्याचे उदाहरण देत. त्यामुळे डेव्हिडसनची हकीकत वाचताना माझे लक्ष चिठ्ठीवर नसलेल्या नावांकडे गेले. साहेब एकटा रानात जात नसतो. वाट दाखविणारा असतो, झाड दाखविणारा असतो, पाखराचा आवाज ओळखणारा असतो. सोलून कापूस भरणाराही पुष्कळदा पगारी नोकरच असे. डेव्हिडसनबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या चिठ्ठ्या प्रामाणिक होत्या, आणि पुढे त्या प्रामाणिकपणानेच पक्षी सापडला. पण चिठ्ठीत जागा एकाच नावाची असे.

आता ह्या गोष्टीतला खोटा कागद.

सात कातड्यांपैकी सातवे इतरांहून निराळे होते. त्याच्या चिठ्ठीवर साल होते १९१४, गाव होते गुजरातेतील तापीकाठचे मांडवी, आणि मिळविणाराचे नाव होते कर्नल रिचर्ड माइनर्ट्सहागेन. हा कर्नल साधा माणूस नव्हता. फौजेत नाव कमावलेला, लढाईच्या आणि हेरगिरीच्या कहाण्या सांगणारा, पक्षिशास्त्रात मोठा गणला गेलेला. आपल्या सालिम अलींनी १९३७ साली अफगाणिस्तानात त्याच्याबरोबर पक्षी पाहण्याची मोहीम केली होती. १९५४ साली त्याने आपली सुमारे २०,००० कातडी ब्रिटिश म्युझियमला दिली, आणि १९६७ साली तो मोठ्या मानाने वारला. वाखाणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते, किंवा ठाऊक असून ते बोलत नव्हते, की ह्याच म्युझियमने पूर्वी एकदा नमुने परस्पर बाहेर नेल्याबद्दल त्याला पक्षिदालनात येण्यास काही काळ बंदी केली होती.

त्या एका चिठ्ठीने काय केले पाहा. १८८४ ला संपलेली नोंद तिने १९१४ पर्यंत ओढली. खानदेशातला पक्षी तिने गुजरातेत नेला. पुढे ज्यांना हा पक्षी शोधावयाचा होता त्यांनी स्वाभाविकपणेच सर्वांत ताज्या नोंदीवर भर दिला. पोलीसदेखील शेवटी कोठे दिसला तेथूनच माग काढतात. सालिम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले ह्यांच्यासारख्या जाणत्यांनीही ह्या पक्ष्याचा शोध घेतला, पण हाती काही आले नाही. मध्यंतरी कोणी म्हणे मला दिसला, कोणी छायाचित्र आणी. नीट पाहता तो साधा पिंगळाच निघे. हळूहळू पुस्तकांतून ‘बहुधा नामशेष’ असा शेरा येऊ लागला. जो पक्षी सातपुड्यात उंदीर-सरडे मारून सुखाने पिले वाढवीत होता त्याला लंडन-मुंबईत मृत ठरविले गेले.

येथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. एका कारखान्यात प्रेसवर काम करणाऱ्या गड्याची नेमणूक कागदावर अलीकडची दाखविली होती. हजेरीपट स्वच्छ, सह्या जागच्या जागी, शाई एकाच रंगाची. कागदावर हुज्जत घालून काही होईना. शेवटी त्या गड्याच्या उजव्या हाताकडे पाहिले. तर्जनीचे पेर तुटलेले होते, आणि ते ह्याच प्रेसमध्ये तुटल्याचा दवाखान्याचा कागद नेमणुकीच्या तारखेच्या तीन वर्षे आधीचा होता. नेमणुकीपूर्वी तीन वर्षे माणसाचे बोट कारखान्यात कसे तुटले, ह्या प्रश्नाला समोरच्या वकिलाजवळ उत्तर नव्हते. चिठ्ठी काहीही बोलो, अंगावर जे लिहिलेले असते ते खोडता येत नाही.

पामेला रासमुसेन ह्या बाईंनी नेमके हेच केले. त्या अमेरिकेतील वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत रिप्लेंच्या हाताखाली दक्षिण आशियातील पक्ष्यांच्या मोठ्या पुस्तकासाठी काम करीत होत्या. काम कंटाळवाणे, एकेक कातडे घ्यावयाचे आणि चिठ्ठी ताडून पाहावयाची. तसे पाहताना माइनर्ट्सहागेनच्या नोंदी मनास पटेनात. त्याच्या काही नमुन्यांवर १९९३ सालीच ॲलन नॉक्स ह्या ब्रिटिश अभ्यासकाने जाहीर शंका घेतली होती. रासमुसेनबाई आणि केंब्रिजचे नायजेल कॉलर ह्यांनी सातवे कातडे इतरांशेजारी मांडले. क्ष-किरणांनी आतले पाहिले. टाके कसे घातले आहेत, सांधे कसे साफ केले आहेत, आत काय भरले आहे, हे एकेक तपासले.

कातडे भरण्याची प्रत्येकाची एक ढब असते. शिंप्याला टीप ओळखू येते, सुताराला दुसऱ्याचा रंधा ओळखू येतो; त्याच न्यायाने ह्या माणसांना डेव्हिडसनचा हात ओळखू आला. १९१४ सालचे म्हणून मिरविणारे ते कातडे डेव्हिडसनच्याच कातड्यांपैकी एक होते. ते म्युझियममधून उचलले गेले होते, उसवून नव्याने भरले होते आणि मूळ चिठ्ठी काढून दुसरी बांधली होती. म्हणजे कर्नलने मांडवीला पक्षी मारलाच नव्हता. खानदेशात तीस वर्षांपूर्वी मेलेला पक्षी त्याने गुजरातेत पुन्हा मारला, तो कागदावर. हा निष्कर्ष १९९९ साली ‘आयबिस’ ह्या ब्रिटिश नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध झाला. त्याच्या इतर नमुन्यांतही असे पुष्कळ प्रकार निघाले. त्याचे पाल्हाळ नको. एवढेच म्हणतो की, असल्या माणसाला पैशाची गरज नव्हती. त्याला यादीत नाव पाहिजे होते.

खोटी चिठ्ठी बाजूला काढताच खऱ्या चिठ्ठ्यांचे मोल वाढले. मांडवी रद्द झाल्यावर उरली ब्लेविटची, बॉलची आणि डेव्हिडसनची गावे. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेनबाई, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे हिंदुस्थानात आले. आधी पूर्वेकडचा मुलुख, ब्लेविट-बॉलची ठिकाणे, पायाखाली घातली. तेथे काही दिसले नाही. मग शहाद्यास आले. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा व्हायला आणखी सात महिने अवकाश होता. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, पाने गळालेल्या एका झाडावर किंगना एक लहान घुबड दिसले. डोक्यावर ठिपके नाहीत. पोट पांढरे. पाय जाडजूड. पाखरू उन्हात स्वस्थ बसून राहिले, आणि त्यांनी त्याचे चित्रण करून घेतले. ह्या वेळी बंदुकीची गरज लागली नाही.

मेलेल्या कातड्यावरून न कळणारी पुष्कळ माहिती जिवंत पक्ष्याने थोड्या काळात दिली. फराह इश्तियाक आणि असद रहमानी ह्यांनी तोरणमाळ-तळोद्याच्या रानात त्याचा पाठपुरावा केला. हा पक्षी नावाने घुबड, पण वागणुकीने दिवसाचा. सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसतो, शेपटी झटक्याने हलवितो, आणि भरउजेडात सरडे, उंदीर, टोळ, लहान पाखरे पकडतो. ते दणकट पाय ह्याच कामाचे. घरटे झाडाच्या ढोलीत, म्हणजे जुने मोठे झाड हवे. आवाज पिंगळ्याच्या किचकिचाटासारखा नाही; निराळा, ओळखू येणारा. हा आवाज एकदा टिपल्यावर इतर रानांतही तो ऐकू येऊ लागला. मेळघाटात सापडला, मध्य प्रदेशात खंडव्याकडे सापडला, आणि २०१४ साली ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात दिसला, मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तलावाच्या रानात. म्हणजे तो सह्याद्रीतही आहे. गुजरातेच्या डांगी रानांतही तो निघाला. कर्नलच्या चिठ्ठीला त्याचा आधार मिळतो असे मात्र कोणी समजू नये. चोरलेली वस्तू ज्या घरी सापडली म्हणून सांगितले, तशीच दुसरी वस्तू पुढे त्या घरी खरोखर निघाली, म्हणून पहिली चोरी पुसली जात नाही.

असे एकाच कातड्यावर लटकलेले पक्षी जगात आणखीही आहेत. आफ्रिकेत पूर्व कांगोच्या इटोम्ब्वे डोंगरात १९५१ साली एक लहान घुबड मिळाले. दुसऱ्या वर्षी त्याला नवी जात म्हणून नाव मिळाले. त्यानंतर हाती लागलेला दुसरा पक्षी १९९६ चा. पंचेचाळीस वर्षे साऱ्या जातीची साक्ष एका नमुन्याने दिली. तेही घुबड कोणत्या वंशात घालावे ह्यावर पंडितांचे एकमत नाही. पण त्याची चिठ्ठी खरी होती, म्हणून शोधणारे निदान योग्य डोंगरात गेले.

सापडला म्हणून सारे छान झाले असे मात्र नाही. डेव्हिडसनने पाहिलेले रान आणि १९९७ चे रान ह्यांत फार अंतर होते. सपाटीवरचे सागवान केव्हाच गेले होते, उरले होते ते टेकड्यांवरचे. त्यातच १९९० नंतरच्या वर्षांत सरदार सरोवराने बुडणाऱ्या आदिवासींच्या पुनर्वसनासाठी तळोद्याच्या राखीव जंगलातील सुमारे ४,२०० हेक्टर जमीन मोकळी करण्यात आली. दुर्मिळ पक्ष्याचे नाव झाल्यावर एक सूर निघाला की, आदिवासींच्या कुऱ्हाडीने घुबडाचा घास घेतला. येथे मी चिठ्ठी पुन्हा तपासावयास सांगेन. नर्मदाकाठची शेते बुडविण्याचा निर्णय भिल्लांनी घेतलेला नव्हता. इंग्रजी अमलापासून सागाची लाकडे ज्या इमारतींत आणि रेल्वेच्या कामांत गेली, तीही त्यांची नव्हती. माणसाला एका जंगलातून उठवून दुसऱ्या जंगलात बसवावयाचे आणि तोडीची नोंद त्याच्या नावावर करावयाची, ही कर्नलच्या जातीची नोंद झाली. जादूटोण्यासाठी घुबडे मारतात हे खरे आहे आणि ते थांबलेच पाहिजे. आमच्या भागातही अमावास्येच्या नावाखाली हा धंदा चालतो. परंतु तो गुन्हा आणि पोटासाठी कसलेले रान, ही दोन कलमे एका आरोपपत्रात घालू नयेत. तोरणमाळच्या रानात पक्षी टिकावयाचा असेल तर तेथल्या माणसाला, जुने ढोलीचे झाड उभे ठेवण्यात, आपला वाटा दिसला पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला आहे. तो अधिकार प्रत्यक्ष हातात पडण्यासाठी मात्र गावोगाव अर्जांची भेंडोळी घेऊन फिरावे लागते. त्या भेंडोळ्यांतही पुरावा म्हणून काय लागते? जुनी नोंद, नाहीतर जाणत्याची साक्ष.

आता तो राहिलेला वंशाचा वाद. पक्षी सापडला त्या सुमारास रासमुसेनबाईंनी हाडांची ठेवण, आवाज, वागणूक पाहून ह्यूमची बाजू पुन्हा उचलून धरली होती. रानपिंगळ्याचे घराणे वेगळे, म्हणून हेटेरोग्लॉक्स हेच नाव खरे, असे त्यांचे मत पडले. पुष्कळ पुस्तकांनी ते स्वीकारले. निकाल लागला तो २०१८ साली, आणि तो लावला भारतीय अभ्यासकांनी. पंकज कोपर्डे, प्राची मेहता, शोमिता मुखर्जी, उमा रामकृष्णन, व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानपिंगळ्याच्या जनुकांची पिंगळ्याच्या व इतर घुबडांच्या जनुकांशी तुलना केली. रानपिंगळा अथेनी वंशाच्या फांदीच्या आतच निघाला. म्हणजे तो जात म्हणून खराखुरा वेगळा, पण वंशाने आपल्या तारेवरच्या पिंगळ्याचा भाऊबंद. त्याच वर्षी जागतिक निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत त्याचा दर्जाही बदलला. ‘अतिसंकटग्रस्त’ होता तो ‘संकटग्रस्त’ झाला. पक्षी वाढले म्हणून नव्हे, पूर्वी ठाऊक नव्हती अशी ठिकाणे सापडली म्हणून.

ह्यूमने केलेल्या दोन विधानांपैकी एक टिकले आणि एक गेले. त्यात त्याची अब्रू गेली असे मी मानीत नाही. त्याच्याजवळ एक कातडे आणि दोन डोळे होते. त्याने जे पाहिले ते लिहिले, आणि पुढच्यांना तपासता यावे म्हणून नमुना राखला. ब्लेविटचे नाव मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे. हेटेरोग्लॉक्स म्हणा की अथेनी म्हणा, पुढे ‘ब्लेविटी’ येतेच. इंग्लंडातील ट्रिंग गावी आता ब्रिटिश संग्रहालयाचे पक्षी ठेवलेले आहेत. संग्रहालयांचा रिवाज असा की, नोंद चुकीची ठरली तरी जुनी चिठ्ठी काढून टाकीत नाहीत. दुरुस्तीची नवी चिठ्ठी तिच्याशेजारी त्याच पायाला बांधतात.